निर्यातबंदी रात्रीत येते, करार सहीनंतर कळतो: ही पद्धत बदलायची तर काय करावं लागेल?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकांनी विचारलं आहे: "आम्ही कांदा आणि द्राक्षं बाहेर पाठवतो. निर्यातबंदी एका रात्रीत येते आणि परदेशाशी झालेला करार सही झाल्यावर टीव्हीवर कळतो. सरकारची व्यापार धोरण ठरवण्याची आणि वाटाघाटी करण्याची पद्धतच सुधारायची असेल, तर नेमकं काय बदलावं लागेल? की दिल्लीत आपला एखादा वजनदार माणूस असला की पुरे?"

मी २३ वर्षं नाशिक जिल्ह्यात निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो आहे. त्यातली शेवटची १२ वर्षं निर्यातदारांच्या वतीने मुंबई-दिल्लीच्या बैठकांनाही जातो. खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून भरतात तिथे, काय होतं आणि बैठकीत काय होतं, हे दोन्ही पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. वजनदार माणसाकडून सवलत मिळते, धोरण मिळत नाही. एप्रिल २०२४ आठवा. कांद्यावर बंदी असताना २५ तारखेला गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि आपल्याकडे संताप झाला. दोन दिवसांनी सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला मुभा दिल्याचं सरकारने जाहीर केलं. पांढरा कांदा खास निर्यातीसाठीच पिकवतात आणि त्याला खर्च जास्त येतो, असं कारणही सांगितलं गेलं. कारण रास्त असेल. पण तेच आधी, सगळ्यांसमोर, आकड्यांसह मांडलं असतं, तर दोन राज्यांचे शेतकरी एकमेकांकडे संशयाने बघत बसले नसते. वशिल्याने मिळालेली सवलत, आणि रास्त असूनही कारण न सांगता दिलेली सवलत, या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात.

तुमच्या प्रश्नात निर्यातबंदी आणि करार असे दोन विषय आहेत, पण माझ्या मते मूळ एकच आहे. निर्णय घेण्याआधी "यात कोणाचा किती फायदा आणि कोणाचा किती तोटा" हे एका कागदावर लिहून लोकांना दाखवायची सक्ती आपल्याकडे कोणावरच नाही. निर्णय चुकीचेच असतात असं मी म्हणत नाही. शहरात कांदा महागला की कोणतंही सरकार हालचाल करणारच, आणि मजुरी करून पोट भरणाऱ्याच्या ताटाचा विचार त्याने केलाच पाहिजे. माझा आक्षेप पद्धतीला आहे.

२०२३ चा क्रम बघा. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येईना. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. २० महिन्यांच्या आत सहा वेळा नियम बदलला. देशाची कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे १७ लाख टनांवर आली.

८ डिसेंबरच्या सकाळी मी पिंपळगावजवळच्या एका खळ्यावर होतो. पंधरा-वीस बाया कांदा निवडत होत्या, मोठा माल एका बाजूला, गोलटी म्हणजे बारीक कांदा दुसऱ्या बाजूला. आदल्या रात्री भरलेले दोन रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर कसारा घाट उतरून न्हावा शेवाच्या वाटेवर होते, तिसरा अर्धा भरलेला समोर उभा होता. अधिसूचनेची प्रत फोनवर आली. जहाजात माल चढवायला सुरुवात झाली असेल, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे करायचा अर्ज) भरून जहाज धक्क्याला लागलं असेल किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल, तरच तो सुटणार होता. रस्त्यावरचा कंटेनर यातल्या कशातच बसत नव्हता. एका कंटेनरात साधारण २८-२९ टन माल असतो. खळ्याच्या मालकांनी बायांना थांबायला सांगितलं, पण कोणी उठलं नाही, कारण दिवसाची मजुरी मिळणार की नाही हे कोणालाच कळत नव्हतं. दुपारी कोलंबोच्या खरेदीदाराचा फोन आला. त्याने भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला काल माहीत नव्हतं का?"

हाच प्रश्न त्याआधी फार वरच्या पातळीवर विचारला गेला होता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आपण अशीच बंदी घातली. पुढच्या आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. आपल्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, असं त्या व्यासपीठावरून म्हणाल्या, आणि आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही. सभागृहात लोक हसले, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. पूर्वसूचना न देणारा विक्रेता म्हणून आपली ओळख झाली की खरेदीदार दुसरा विक्रेता शोधून ठेवतो. पाकिस्तान, इजिप्त आणि चीनचा कांदा आपल्या बाजारपेठांमध्ये आहेच. बंदी उठते, पण गेलेला खरेदीदार त्याच भावाला परत येत नाही.

आता हे असं का होतं? भावावर लक्ष ग्राहक व्यवहार विभागाचं. शुल्क लावतो अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाखालच्या डीजीएफटीकडे, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडे. लागवडीचे अंदाज कृषी खात्याकडे, बफर साठ्याची खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडे. राज्यघटनेप्रमाणे शेती राज्याची आणि परदेशी व्यापार केंद्राचा, म्हणजे साठवणीच्या चाळीत किती उन्हाळ कांदा उरलाय हे ज्या सरकारला कळू शकतं, त्याला बंदीच्या निर्णयात हक्काची खुर्चीच नाही. प्रत्येक खातं आपापलं काम प्रामाणिकपणे करत असेल, तरी सगळ्यांची बेरीज करायची जबाबदारी कोणाची नाही. किरकोळ भाव देशातल्या पाचशेहून अधिक केंद्रांतून रोज दिल्लीला जातात. चाळीतला साठा, त्यातली सड, कोंब फुटलेला माल आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव यांचा असा रोजचा तक्ता नाही. एका बाजूचा आकडा रोज सकाळी टेबलावर आणि दुसऱ्या बाजूचा मोर्चा निघाल्यावर, असं असेल तर निर्णय कुठे झुकणार हे उघड आहे.

म्हणून पहिली सुधारणा निर्यातबंदीच्या नियमांची. बंदीचा अधिकार सरकारकडून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण तो कधी वापरायचा, आधी कोणतं सौम्य हत्यार काढायचं आणि ते किती दिवसांत आपोआप संपायचं, हे हंगामाच्या आधी छापलेलं हवं. यावर अधिकारी एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे: "आधी सांगितलं तर सगळे घाईने माल बाहेर काढतील, भाव आणखी चढेल." यावर माझं उत्तर असं. तारीख सांगू नका, पातळी सांगा. भाव अमुक दिवस अमुक पातळीवर राहिला तर इतकं शुल्क, त्याच्या वर गेला तर इतकं. दुसरं म्हणजे आदेशाच्या आधी नोंदवलेले आणि पैसे किंवा एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं हमीपत्र) आलेले सौदे ठरावीक मुदतीत जाऊ द्या. बासमतीच्या निर्यात करारांची अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी होतेच, मग कांद्याची करायला काय हरकत आहे? नोंदणी असली की खोटे, मागच्या तारखेचे सौदेही पकडता येतात.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचं १२ वं कलमही हेच सांगतं: अन्नपदार्थाच्या निर्यातीवर नवी बंदी घालताना आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि आगाऊ कळवा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या पदार्थाचे जे निव्वळ निर्यातदार आहेत त्यांना नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत.

एक पाऊल पडलंय, तेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये परकीय व्यापार धोरण २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. धोरण बदलताना आयातदार-निर्यातदारांची मतं मागवावीत, आणि न स्वीकारलेल्या मतांची कारणं कळवण्याची व्यवस्था असावी, असं त्यात आलं. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. पण अपवादात्मक परिस्थितीत सरकार स्वतःहून निर्णय घेऊ शकतं, अशी वाट त्यात आहे, आणि कांद्याचा प्रत्येक प्रसंग अपवादात्मकच ठरवला जातो. शिवाय शुल्काचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा, तो या तरतुदीत येतच नाही. ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के शुल्क आज पुन्हा लागलं, तरी तुम्हाला आधी कोणी विचारणार नाही.

दुसरी सुधारणा म्हणजे जाहीर सुनावणी. ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. १९२३ मध्ये इथे टॅरिफ बोर्ड नेमलं गेलं. परकीय सरकारचं बोर्ड, त्याच्या मर्यादा होत्याच. पण रीत पाहा. ज्या उद्योगाला संरक्षण हवं त्याने बोर्डापुढे यायचं, खर्चाचा हिशेब मांडायचा, उलट प्रश्नांना उत्तरं द्यायची. पहिलं मोठं प्रकरण पोलादाचं होतं. पोलाद बनवणाऱ्यांचं ऐकलं, पोलाद वापरणाऱ्यांचंही ऐकलं, साक्षी छापल्या, आणि मग १९२४ चा संरक्षण कायदा झाला, तोही तीन वर्षांच्या मुदतीचा. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने टॅरिफ कमिशन आलं, तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला.

आजही एका कोपऱ्यात ही रीत जिवंत आहे. परदेशी कंपनी इथे स्वस्तात माल ओतते अशी तक्रार आली की वाणिज्य मंत्रालयाचं डीजीटीआर, म्हणजे अशा तक्रारी तपासणारं महासंचालनालय, सूचना काढतं. उत्पादक, आयातदार आणि परदेशी विक्रेता यांची सुनावणी होते, गोपनीय भाग वगळून कागद सगळ्यांना बघायला मिळतात, अंतिम निष्कर्षाच्या आधी कोणती तथ्यं गृहीत धरली आहेत ते पक्षकारांना कळवलं जातं. शेवटचा निर्णय अर्थ मंत्रालय घेतं, पण मागे लिहिलेला अहवाल असतो. रसायनाच्या कारखानदाराला आपल्याच सरकारकडून ही वागणूक मिळते, ती कांदा, तांदूळ, साखर पिकवणाऱ्याला का नाही? नवं मंत्रालय नको. हीच पद्धत निर्यातीवरच्या निर्बंधांना आणि कराराआधीच्या अभ्यासाला लावा. तातडी असेल तर आधी आदेश काढा, पण ३० दिवसांच्या आत सुनावणी घ्या आणि अहवाल छापा.

तिसरा विषय वाटाघाटींचा. इथे गुप्तता काही प्रमाणात लागतेच. आपण शेवटी किती खाली येऊ हे समोरच्याला कळलं तर सौदा तिथेच बसला, हे लिलावात उभं राहिलेल्या कोणालाही समजतं. पण शेवटचा आकडा लपवणं वेगळं आणि उद्दिष्टच लपवणं वेगळं. १३ जानेवारी २०२२ ला भारत-ब्रिटन वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा ब्रिटनने त्यांना काय हवं आणि त्यातून काय मिळेल असा अंदाज आहे, याचा जाडजूड दस्तऐवज प्रसिद्ध केला. युरोपीय संघाने भारतापुढे ठेवलेले प्रकरणवार मसुदे त्यांच्या संकेतस्थळावर टाकले होते. मी ते नाशिकला बसून वाचले. भारताचा मसुदा मला वाचायला मिळाला नाही. ज्यांच्याशी वाटाघाट चालली आहे त्यांचं म्हणणं मला माहीत आणि माझ्या वतीने बोलणाऱ्याचं माहीत नाही, ही स्थिती मला फार लागते.

सल्लामसलत होत नाही असं नाही, पण ती कशी होते ते सांगतो. एका कराराच्या वेळी आम्हाला शुक्रवारी दुपारी मेल आला. सोबत आठ अंकी एचएस कोडची (मालाच्या वर्गीकरण क्रमांकांची) हजारो ओळींची एक्सेल फाईल, आणि सोमवारपर्यंत प्रत्येक ओळीपुढे "सवलत द्यावी / देऊ नये" लिहून पाठवायचं. आम्ही चौघे दोन रात्री बसलो. बेदाण्यापर्यंत पोहोचलो, पुढचं राहिलं. नंतरच्या बैठकीत प्रत्येक संघटनेला तीन मिनिटं होती. मोठ्या उद्योगांचे सल्लागार छापील सादरीकरण घेऊन आले होते. दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार उठले, एकरी खर्च तोंडपाठ सांगितला, आणि त्यांना विचारलं गेलं, "हे लेखी आहे का?" ते नव्हतं.

मेक्सिकोने नव्वदच्या दशकात अमेरिका-कॅनडाशी करार करताना "शेजारची खोली" ही पद्धत वापरली. वाटाघाटी चालू असताना उद्योगांचे प्रतिनिधी शेजारच्या खोलीत बसत, अधिकारी बाहेर येऊन त्यांना विचारत. चांगली पद्धत आहे, आपणही घ्यावी. पण त्या खोलीत मोठ्या कंपन्यांचा भरणा होता, मका पिकवणारा छोटा शेतकरी तिथे नव्हता, आणि करारानंतर अमेरिकी मक्याची आयात वाढली तेव्हा त्याची झळ त्यालाच बसली. म्हणून खोली असून पुरत नाही, तिच्यातल्या खुर्च्या कोणाच्या हे आधी ठरलं पाहिजे.

राज्यांनाही खुर्ची हवी. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी वस्तूंचा करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला आणि २ ऑक्टोबरला केरळमध्ये सत्तेत असलेल्या आघाडीनेच मिरी आणि मळ्यांच्या पिकांसाठी मानवी साखळी उभी केली. राज्यात सत्ता असलेल्यांना आपलं म्हणणं रस्त्यावर मांडावं लागतं, यात कोणाचंच भलं नाही. आरसेपमध्ये, म्हणजे आसियान आणि आशिया-प्रशांतातल्या इतर देशांच्या मोठ्या करारातही, तेच झालं. सुमारे सात वर्षं वाटाघाटी झाल्या आणि ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत बाहेर पडला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असतील. पण दूध उत्पादकांची जी भीती सातव्या वर्षी निर्णायक ठरते, ती पहिल्या वर्षीच लेखी टेबलावर यायला हवी होती. आपल्याकडे करारावर सही करायला संसदेची मंजुरी लागत नाही. ती लगेच आणा असं मी म्हणत नाही, कारण त्याला राज्यघटनेचे प्रश्न आहेत. पण वाटाघाटी सुरू करण्याआधी वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे आणि संबंधित राज्यांपुढे उद्दिष्टं ठेवणं आजच्या चौकटीतही शक्य आहे.

तुम्ही द्राक्षातही आहात, म्हणून आणखी एक. शुल्क शून्य झालं म्हणून माल आपोआप जात नाही. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती शुल्कामुळे नाही, तर सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. बागायतदारांनी नियम मोडला नव्हता, त्यांना नियम सांगितलाच गेला नव्हता, आणि बँकेचे हप्ते त्यांनी भरले. १ मे २०१४ पासून युरोपने फळमाशीमुळे हापूस थांबवला, तो सोडायचं जानेवारी २०१५ मध्ये ठरलं. म्हणून वाटाघाटीच्या टेबलावर शुल्काचा जाणकार जितका लागतो, तितकाच कीड आणि अंशांचा जाणकार लागतो, आणि तो तीन वर्षांनी बदलून जाणारा नको. जागतिक व्यापार संघटनेच्या रीतीप्रमाणे असे नवे नियम करताना देश मसुदा आधी कळवतात आणि साधारण ६० दिवस इतर देशांच्या हरकती घेतात. युरोपचा नवा नियम येण्याआधी माझी हरकत आपल्या सरकारमार्फत तिथे पोहोचू शकते. माझ्याच देशाच्या शुल्कावर मला ६० तासही मिळत नाहीत.

यातलं सगळं सगळ्या मालाला सारखं लागू होणार नाही. तांदूळ साठवता येतो, तिथे महिनाभराची सुनावणी परवडते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे तिथे आधी ठरलेली पातळी जास्त उपयोगी. द्राक्षाला बंदीची भीती जवळपास नाही, तिथे सारा जोर परदेशी नियमांवर हवा.

आता तुमच्या कंपनीपुरतं. दिंडोरीच्या त्या बागायतदारांना विचारलेला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल तेव्हा कागद तयार असावा. तुमच्या खळ्यावर वजनाची वही असेलच. तिच्यात आणखी तीन रकाने आखा: त्या दिवशी शेतकऱ्याला दिलेला भाव, तो माल कोणत्या सौद्यासाठी घेतला, आणि सौदा मोडला तर खरेदीदाराने नंतर कुठून माल उचलला. तिसरा रकाना विचारून भरावा लागतो, पण जुने खरेदीदार सांगतात. एका हंगामाची अशी वही तालुक्यातल्या पाच-सहा कंपन्यांनी मिळून पणन मंडळाकडे आणि अपेडाच्या मुंबई कार्यालयात लेखी दिली, पोच घेतली, आणि डीजीएफटीने मतं मागवली की तीच एचएस कोडसह पाठवली, तर बैठकीतल्या तीन मिनिटांत बोलायला तुमच्याकडे आकडे असतील. वहीचा नमुना मी आमच्या कामासाठी केलेला आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी तो मागून घ्या, म्हणजे पहिल्या गोणीपासून नोंद धरता येईल.